तिसरा हात

आमच्या सरांच्या निरोपसमारंभात एका वक्त्याने सांगितलं, की सरांना माणसांपेक्षा माती जास्त कळायची. टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत समोशाची प्लेट मांडीवर घेऊन बसले होते. मनात म्हटलं, अहो, मग सरळ म्हणा ना की ह्या गृहस्थांना माणसं कळतच नव्हती! पण निरोपसमारंभात असं बोलायची पद्धत नाही. शाल, श्रीफळ आणि थापा, एवढंच तिथं चालतं.

मी त्यांची लाडकी विद्यार्थिनी वगैरे नव्हते, हे आधीच सांगून टाकते. आर्वीच्या त्या कॉलेजात मी चार वर्षं त्यांच्या हाताखाली जिवाणूंवर संशोधन केलं आणि शेवटी त्यांनी माझ्या प्रबंधावर सही करायला नकार दिला. कारण काय? तर प्रयोगशाळेतल्या शिपायाच्या हातून माझा प्रयोग जमला नाही! आजही हे कुणाला सांगितलं की ऐकणारा आधी हसतो, मग सरांना नावं ठेवतो, मग मला चहा पाजतो. बारा वर्षं मी तो चहा पीत आले आहे.

दिसायला सर कसे, तर डोकं तुळतुळीत, पँट पोटावर चढवलेली, आणि भर उन्हाळ्यात अंगात जाड खादीचं जाकीट. वर्ध्याकडचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना ह्यातला वेडेपणा वेगळा सांगायला नको. जाकीट कशाला? त्याला चार खिसे होते म्हणून. एका खिशात पोह्याचा स्टीलचा चमचा, दुसऱ्यात औषधवाले गोळ्या घालून देतात तसल्या कागदी पुड्या, तिसऱ्यात पेन्सिल आणि चौथ्यात लाल पेन. चमचा दिवसातून दहादा बाहेर यायचा. लाल पेन महिन्यातून एकदा आला तरी आम्ही एकमेकांना सांगायचो.

चमचा मातीसाठी. जातील तिथली चमचाभर माती पुडीत घालायची, वर गाव आणि तारीख लिहायची. लग्न असो, मयत असो, एसटी पंक्चर होऊन बांधाला उभी असो. तळेगावला आमच्याच एका विद्यार्थ्याचं लग्न होतं. इकडे पंगत बसलेली आणि सर मांडवाच्या मागे, हात धुवायच्या जागेपाशी उकिडवे बसून चमच्यानं उकरतायत. नवरीच्या मामानं ते पाहिलं. झालं! "करनी करून राह्यला कोनी!" म्हणून बोंब उठली. मामानं कॉलर धरली तशा खिशातल्या पुड्या खाली सांडल्या. प्रत्येकीवर वेगळ्या गावाचं नाव. ते वाचून तर लोकांची खात्रीच पटली, की ह्या बाबानं अख्ख्या जिल्ह्यावर करणी करून ठेवली आहे. सर मात्र ढिम्म. म्हणाले, "मामाजी, करनीवाला ठेवून जाते. मी तं घेऊन जाऊन राह्यलो." नवरदेव मुंडावळ्या सावरत धावत आला म्हणून हाडं शाबूत राहिली.

जेवण राहिलं ते राहिलंच. परतीच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी बसून ती पुडी हुंगत होते. "पाकाची माती हाये. इथले जंतू लाडावले असन." पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. मी तोंड खिडकीकडे फिरवलं. लाज वाटायची हो मला! माझे बाबा आर्वी डेपोत कंट्रोलर होते, अर्धे कंडक्टर मला ओळखत. कंट्रोलरसाहेबांची मुलगी भैताड, म्हणजे वेडगळ, मास्तरासोबत माती हुंगत फिरते, हे त्यांनी बाबांना किती मिरवून सांगितलं असेल.

आणि भाषा! विद्यापीठातून मोठे पाहुणे आले तरी हे वऱ्हाडीतच बोलायचे. पाहुणे 'प्रतिजैविकनिर्मितीची जनुकीय यंत्रणा' म्हणायचे आणि सर म्हणायचे, "विष. सादं विष म्हना. औषध तुमच्यासाठी असन. ते बिचारं शेजाऱ्याले हाकलाले विष करून राह्यलं." ह्यात तथ्य होतं, नाही असं नाही. मातीत स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू असतात. आपण दवाखान्यातून आणतो त्यातली कितीतरी अँटिबायोटिक मूळची त्यांनीच बनवलेली, शेजारच्या जंतूला मारायला. पण तथ्य सांगायचीही एक रीत असते की नाही?

त्यांच्या शिकवण्याची रीत सांगते. कॉलेजच्या नव्या इमारतीचा स्लॅब पडत होता. सरांनी एमएस्सीचा अख्खा वर्ग उन्हात नेऊन उभा केला. खालून वरपर्यंत मजुरांची रांग, घमेलं ह्या हातातून त्या हातात. "हे पाह्य. विष एका जीनचं काम नाई. वीस-पंचवीस जीन असे वळीत बसले राह्यते. एकानं तुकडा जोडला का दुसऱ्याच्या हाती, दुसऱ्यानं जोडला का तिसऱ्याच्या. आता ते मधातली बाई पानी प्याले गेली, तं वरतं काय पोचन?" ती मधली बाई कावली. "सर, नुसते काऊन उभे राह्यले? या, घमेलं धरा!" आणि हा माणूस जाकिटासकट रांगेत घुसला, तासभर घमेली वाहिली. आम्ही सावलीत उभे राहून पोट धरून हसलो. परीक्षेत त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले, पण त्याचं श्रेय मी त्यांना कधी दिलं नाही.

पीएचडीला मी त्यांच्याकडे लागले ती गिरड सातमुळे. गिरडच्या टेकडीवर दर्ग्याच्या पायऱ्यांखालून सरांनी आणलेली सातवी पुडी, म्हणून गिरड सात. तिच्यातून जो जिवाणू निघाला तो माझ्या हातून निघाला, माझ्या प्लेटवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या काचेच्या बशीत. जखमा चिघळवणारा एक जंतू आम्ही चाचणीला वापरायचो. नेहमीच्या औषधांना तो भीक घालत नसे. त्याचा पांढरट थर प्लेटभर पसरलेला, आणि मधोमध गिरड सातभोवती लख्ख मोकळं वर्तुळ. रुपयाएवढं नाही, चांगलं पुरीएवढं! मी ती प्लेट घेऊन कॉरिडॉरमधून पळत सुटले होते. सरांनी ती उजेडाकडे धरली, हुंगली आणि म्हणाले, "छान. आता किसनाले करू दे."

हाच तो नियम. आमच्या प्रयोगशाळेत प्रत्येक प्रयोग तीन हातांनी करायचा. पहिला हात आपला, दुसरा कुणा सोबत्याचा आणि तिसरा किसनाभाऊंचा. किसनाभाऊ म्हणजे आमचे शिपाई. दहावी नापास, काचेची भांडी धुणारे, चहा आणणारे. रजिस्टरच्या प्रत्येक पानाखाली तीन चौकटी आखलेल्या होत्या. तिघांचं एकसारखं आलं की तिघांनी सह्या करायच्या, आणि त्याखाली मग तो लाल पेन. तिसरी चौकट रिकामी असेल तर सर त्या पानाकडे बघायचेसुद्धा नाहीत. मी एकदा विचारलं, "सर, किसनाभाऊंना ह्यातलं काय कळतं?" ते म्हणाले, "काईच नाई. अन त्याले त्या प्लेटीकडून काई पाह्यजे बी नाई. म्हणून त्याले दिसते ते खरं."  पहिल्या वर्षी किसनाभाऊंच्या हातूनही वर्तुळ आलं, लाल सही झाली, म्हणून मी गप्प बसले.

मग गिरड सातचा जीनोम, म्हणजे त्याच्या सगळ्या जीनचा आराखडा, वाचून आला. दुसरीकडे लोक तो कॉम्प्युटरवर बघतात. सरांनी विष बनवणारे सगळे जीन एकेका चिठ्ठीवर लिहिले, प्रयोगशाळेत ह्या भिंतीपासून त्या खिडकीपर्यंत सुतळी बांधली आणि चिठ्ठ्या कपड्यांच्या चिमट्यांनी ओळीनं टांगल्या. अडीच वर्षं आम्ही वाकून चालत होतो. कुणाच्या डोक्यानं चिठ्ठी पडली की सर तिथंच अडवायचे. "पाडली ना? आता सांग, काय बिघडलं." खिडकीकडच्या टोकाला एक लाल चिठ्ठी होती. ती एकदा माझ्याकडून पडली. मी म्हटलं, विष तयार होणार नाही. "होईन ना, बरोबर होईन! पन पहिले तोच मरन. आपलंच विष सोसाचा जीन हाये तो. विष करनाऱ्याले हा पहिले लागते." आणि मग सुतळीचं टोक हलवून दाखवलं. "अन ह्या जातीची दोरी दोन्हीकडून मोकळी हाये. गोल नाई. टोकाकडून उसवते. टोक गेलं का विष बी गेलं अन उतारा बी गेला. मंग तो निस्ता नावाचा गिरड सात."

हे मी शब्द न् शब्द ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

जिवाणू जिवंत ठेवायचा तर अधूनमधून नव्या प्लेटवर काढावा लागतो. खरा गिरड सात राखाडी, पिठासारखा. उचलायला तारेची कडी लावली की भुरभुर उडतो, भलतीकडे चिकटतो, जीव नकोसा करतो. पण त्याच प्लेटवर काही ठिपके गुळगुळीत यायला लागले. ते लवकर वाढत, कडीवर छान येत, फोटोत स्वच्छ दिसत. मी तेच उचलायला लागले. सरांचा हुकूम होता, की कुठलीही प्लेट पुढं काढायच्या आधी मला दाखवायची. मी म्हटलं, मी काय बालवाडीत आहे? एकदा त्यांनी स्वतःच येऊन पाहिलं. "ह्या टकल्यांवर भरवसा ठेवू नोको, पोरी." एवढं बोलून स्वतःच्या टकलावर हात फिरवत निघून गेले. आम्ही मुली दार लावून हसलो. मी टकलेच उचलत राहिले.

चौथ्या वर्षी शेवटचा प्रयोग पुन्हा करायचा होता. वर्तुळ येईना. माझ्या हातून येईना, सोबतिणीच्या हातून येईना, आणि किसनाभाऊंच्या हातून तर नाहीच नाही. किसनाभाऊ बिचारे प्लेट उजेडाकडे धरून म्हणायचे, "ताई, मले तं काई दिसून नाई राह्यलं." माझं डोकं फिरलं. घरी बाबा सेवानिवृत्तीला आलेले, लग्नाची बोलणी 'पीएचडी होऊ द्या' म्हणून थांबवलेली, आणि इकडे हा शिपाई माझ्या चार वर्षांकडे बघून म्हणतो काही दिसत नाही! मी भर प्रयोगशाळेत ओरडले. "चहाची पातेली घासणाऱ्या हातावर माझी डिग्री टांगली का तुम्ही?" किसनाभाऊंनी प्लेट खाली ठेवली आणि बेसिनकडे जाऊन भांडी धुवायला लागले. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ते ओरडले असते तर परवडलं असतं.

मग मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पहिल्या वर्षीची ती पुरीएवढ्या वर्तुळाची प्लेट मी फ्रिजमध्ये जपून ठेवली होती. तिचा एक फोटो काढला. प्लेट थोडी फिरवली, दुसरा काढला. आणखी फिरवली, तिसरा. तीन प्लेटी म्हणून प्रबंधात चिकटवले. खोटं कुठं होतं त्यात? वर्तुळ खरंच आलं होतं की नाही? आज नाही आलं, पण आलं तर होतं! असं मी स्वतःला समजावलं. फार सोपं गेलं ते, ह्याचीच मला आता चीड येते.

सरांनी प्रबंध चाळला. विचारलं, "तीन प्लेटी हाये ना ह्या?" मी म्हटलं, हो. पानं पुढं उलटून परत मागं आले. "तीन येगयेगळ्या?" हो. चष्मा काढून पुसला. "तीन?" हो सर, किती वेळा विचारता! त्यांनी प्रबंध मिटून माझ्याकडे सरकवला. "तिसरा हात रिकामा हाये. मी सही नाई करत." बस्स. लाल पेन खिशातून निघालाच नाही. मी ओढणीनं डोळे पुसत, त्या भैताड म्हाताऱ्याला शिव्या घालत डेपोवर गेले आणि बाबांच्या केबिनमध्ये बसून रडले.

पण मी काय कच्च्या गुरूची चेली होते? महिनाभरात नागपूरला दुसरे मार्गदर्शक गाठले. त्यांना माती हुंगायला वेळ नव्हता, किसनाभाऊही नव्हते. वर्षात डिग्री झाली, शोधनिबंध छापून आला, वर्ध्याच्या एका कॉलेजात नोकरी लागली, आणि यथावकाश मी विभागप्रमुखही झाले. आमच्या चकचकीत प्रयोगशाळेत उणे ऐंशीचा फ्रीझर आहे. त्यात गिरड सात झोपवलेला. माझा गुळगुळीत, स्वच्छ, टकला गिरड सात.

गेल्या हिवाळ्यात हैदराबादच्या एका प्रयोगशाळेतून मेल आला. त्यांना माझा शोधनिबंध फार आवडला होता, गिरड सात पाठवाल का? पाठवला. दोन महिन्यांनी मेल: वर्तुळ येत नाही, कदाचित आमचीच चूक असेल, पुन्हा पाठवता का? पुन्हा पाठवला. मग तिसरा मेल आला, आधीच्या दोन्हींपेक्षा नम्र. शोधनिबंधातल्या तीन प्लेटींचे मूळ फोटो मिळतील का? तो मी उभ्याउभ्या दोनदा वाचला. नोकरी, नाव, डिग्री, सगळं त्या तीन फोटोंवर उभं होतं.

उपाय एकच होता. सर प्रत्येक जिवाणू भट्टीत तापवून निर्जंतुक केलेल्या कोरड्या मातीत घालून, काचेच्या नळ्यांत बंद करून ठेवायचे. शंकरपाळ्यांचा डबा होता त्याला. फ्रीझरचं नाव काढलं की म्हणायचे, "मातीतला जीव मातीतच टिकते. तुह्यी लाइट गेली का तुह्या फ्रीझरचं वरन होते." त्या डब्यात मूळ गिरड सात असणार. तो आणायचा, गुपचूप हैदराबादला पाठवायचा, वर्तुळ येईल, विषय संपेल. कुणाला कळणार होतं?

सर तळेगावला धाकट्या भावाकडे राहतात. भावाची वांगी-मेथीची वाडी आहे. मी गेले तेव्हा ओसरीवर बसून मेथी निवडत होते. जाकीट तेच, सत्तरी ओलांडली तरी. भावजयीनं चहा दिला. मी म्हटलं, "सर, गिरड सातची जुनी नळी आहे का? आमच्या विभागाच्या संग्रहात ठेवायची होती."

"संग्रहात," ते म्हणाले. "चांगलं हाये."

आत जाऊन नळी घेऊन आले. सोबत एक कागद, कपड्यांचा चिमटा लावलेला. चिमटा काढला तर आत माझे तीन फोटो. प्रबंधाच्या कच्च्या प्रतीतून काढून घेतलेले. प्लेटच्या अगरमध्ये, म्हणजे जिवाणू ज्यावर वाढतात त्या जेलीत, एक बारीक बुडबुडा होता. मला तो कधी दिसलाच नव्हता. सरांनी तिन्ही फोटोंत त्याच्याभोवती पेन्सिलीनं गोल केला होता. एकात वर, एकात उजवीकडे, एकात खाली. आणि तिन्ही फोटो फिरवून, बुडबुड्यावर बुडबुडा येईल असे एकमेकांवर ठेवून आरपार टाचणी मारली होती.

 माझ्या तोंडून शब्द फुटले ते भलतेच. "तेव्हाच काऊन नाई बोलले?" कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडी 'काऊन' आलं.

"इचारलं ना तुले. तीनदा इचारलं. तीनदा हाव म्हनलं तू. तिसऱ्यांदा खोटं बोललं का मी मंग त्या मानसाले काई इचारत नाई."

मी संतापले. म्हटलं, "वा! म्हणजे तुम्ही खोटं ओळखलं, पुरावा टाचणीला लावला आणि डब्यात ठेवून शंकरपाळे खात बसलात? नागपूरला एक पत्र टाकता आलं नाही? एक थोबाडीत ठेवून देता आली नाही? माझा खोटा निबंध इतकी वर्षं लोक वाचत आले, त्यावर विसंबून कामं करत आले, आणि तुम्ही काय तर सही केली नाही म्हणून स्वच्छ! तुमचे हात तेवढे मळू नयेत, बाकी माती झाली तरी चालेल. असाच नियम ना तुमचा?"

भावजय दारात येऊन उभी राहिली. सरांनी मेथीची जुडी खाली ठेवली. बराच वेळ ते नखांतली माती काढत बसले. मला वाटलं आता नेहमीसारखं काहीतरी तिरपं बोलतील. मी उत्तरही तयार ठेवलं होतं.

"हाव," ते म्हणाले. "ते माहं चुकलं."

आता ह्या माणसाचं काय करावं! आयुष्यात पहिल्यांदा चूक कबूल केली, तीही अशी, की मला भांडायला जागा ठेवली नाही.

"नळी ने," ते म्हणाले. "पाठवाची असन तं पाठव हैदराबादले. मी कोनाले सांगत नाई." मी हैदराबादचं नावसुद्धा काढलं नव्हतं. मग कळलं, की निबंधात माती गोळा करणारे म्हणून सरांचं नाव वाचून हैदराबादवाल्यांनी आधी त्यांनाच पत्र लिहून विचारलं होतं. "नाई तं दोन्ही एका प्लेटीवर लाव. तुहा अन माहा, आमोरासामोर. मंग कोन कोन हाये ते दिसन."

"तिसरा हात कोण?" मी विचारलं. का विचारलं, मला माहीत नाही. जीभ सवयीनं वळली असेल.

"किसना हाये ना आर्वीले. दुसरा मी येतो."

नळी घेऊन मी वर्ध्याला आले. चार दिवस ती माझ्या पर्समध्येच होती. हैदराबादचं पाकीटसुद्धा तयार करून ठेवलं होतं, पत्त्यासकट. खोटं का सांगू, दोनदा ते पोस्टापर्यंत नेलं. दुसऱ्यांदा खिडकीवरचा माणूस म्हणाला, "म्याडम, आत काय हाये?" आणि मला 'गिरड सात' म्हणता येईना. म्हटलं, माती. तो म्हणाला, माती असन तं फॉर्म भरा. मी घरी आले आणि नळी फोडली.

सरांचा गिरड सात राखाडी आला. पिठासारखा, भुरभुरता, प्रयोगशाळाभर सारवलेल्या अंगणाचा वास सोडणारा. त्या सोमवारी दोघं एसटीनं आले. सरांनी माझ्या फ्रीझरकडे लग्नात आहेर बघतात तसं पाहिलं. किसनाभाऊंनी न सांगता आधी हात धुतले. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, "किसनाभाऊ, त्या दिवशी मी जे बोलले…" ते म्हणाले, "म्याडम, प्लेटी थंड होऊ द्या पहिले, बाष्प हाये." माफी मागायलाही रांगेत थांबावं लागतं त्यांच्याकडे.

तिघांनी एकेक प्लेट केली. मधोमध सरांचा राखाडी ठिपका. त्याच्या दिशेनं एका बाजूनं माझ्या टकल्याची रेघ, दुसऱ्या बाजूनं त्यांच्याच जिवाणूची. सरांचा हात इतका कापत होता की रेघ नागमोडी गेली. किसनाभाऊंची रेघ पट्टीनं आखल्यासारखी. माझी नेहमीसारखी घाईची.

गुरुवारी दोघं परत आले. तिन्ही प्लेटींवर एकच. सरांच्या जिवाणूची रेघ ठिपक्याला जाऊन भिडली होती. माझ्या टकल्याची रेघ दोन बोटं अलीकडेच थांबलेली. पुढं काही नाही, नुसता स्वच्छ अगर.

"आपल्याच विषानं मेला हो," किसनाभाऊ हळहळून म्हणाले.

"त्याचं नाई राह्यलं ते आता," सर म्हणाले. "दोरीचं टोक गेलं ना."

मी वाट बघत होते की आता हे बोलतील. टकल्यांबद्दल, प्लेट दाखवायच्या हुकुमाबद्दल, बारा वर्षांबद्दल. एक शब्द नाही! खिशातून चमचा काढून माझ्या टेबलावरच्या कुंडीतली माती उकरत बसले. मेल्या माणसाला टोमणासुद्धा वेळेवर मारता येत नाही.

रजिस्टर काढलं. मी पान लिहिलं, खाली तीन चौकटी आखल्या. निकालाच्या ओळीत लिहिलं: 'माझ्याकडील गिरड सात बहुधा विष तयार करत नाही.' पहिल्या चौकटीत सही केली. दुसरीत सरांनी निळ्या पेनानं केली. तिसरीत किसनाभाऊंनी, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मग सरांनी चौथ्या खिशात हात घातला. लाल पेन चालेना, झटकला, कोपऱ्यात घासला. सगळं पान वाचलं. 'बहुधा' हा शब्द खोडला. आणि खाली सही केली. वेडीवाकडी, अक्षर लागेना अशी, पण लाल.

मेथीची एक जुडी माझ्या टेबलावर ठेवून ते दोघं साडेचारच्या गाडीनं गेले.

मी दार लावून पत्रं लिहिली. आधी त्या नियतकालिकाला, शोधनिबंध मागे घेत असल्याचं, कारणासकट. मग हैदराबादला, आणि त्यासोबत सरांच्या गिरड सातची पुडी, वर त्यांचंच नाव घालून. दोन्ही पत्रांना त्या पानाचा फोटो जोडला. एकच काढला. रजिस्टर सरळ धरून.